जन्माला बारीक आलेली पोर, वाढीचं इंजेक्शन आणि दीडशे सेंटीमीटर : दापोलीकडची एक केस

केस एका मुलीची आहे, दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. घरच्यांची लिहायला हरकत नाही, पण नाव-गाव मी सांगणार नाही, घरी सगळे तिला बाय म्हणतात तेवढं इथे पुरे. मी तिचा बालरोगतज्ज्ञ, म्हणजे सर्दी-ताप-लसवाला तालुक्याचा डॉक्टर, हार्मोनवाले डॉक्टर पुण्याला. हे आधीच सांगतो कारण या केसमधले मोठे निर्णय पुण्यात झाले आणि निभावले गेले इथे, आणि निभावण्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

जन्म २०१० चा. ३८ आठवडे भरलेले, वजन १.९ किलो, लांबी ४३ सेंमी. आईचं बीपी शेवटच्या दोन महिन्यांत चढलेलं, पायांना सूज, सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलेली दिसत होती. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण याच जागी सगळे गडबडतात. ३३ व्या आठवड्यात १.९ किलोचं बाळ झालं तर ते लवकर आलंय एवढंच, त्याच्या आठवड्यांच्या मानाने वजन ठीक आहे. तेच १.९ किलो ३८ व्या आठवड्यात असेल तर पोटातच कुठेतरी कमी पडलंय, वारेतून हवं तेवढं पोचलं नाही. बाय या दुसऱ्या प्रकारातली. वजन आणि लांबी दोन्ही कमी.

अशी बाळं बहुतेक भरून काढतात. दहातली साधारण नऊ दोन वर्षांच्या आत आपल्या वयाच्या मुलांच्या रांगेत येऊन उभी राहतात, लवकर जन्मलेलं असेल तर कधी चार वर्षंही लागतात. राहतं ते एखादं. प्रश्न एवढाच की ते एखादं ओळखायचं कसं, आणि त्याला उत्तर एकच, लांबी मोजून. बायचं माता-बाल कार्ड माझ्याकडे आलं तेव्हा वजनाचे रकाने व्यवस्थित भरलेले, दर महिन्याचा ठिपका, रेघ वर जातेय, आणि लांबीचे रकाने कोरे. एकसुद्धा आकडा नाही. मी यात कोणा ताईला दोष देत नाही, वजनाला काटा असतो, लांबीला बाळ झोपवायची पाटी लागते, दोन माणसं लागतात, एकाने डोकं पाटीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून टाचा सरळ करायच्या, आणि बाळ तोवर आख्खी वाडी गोळा करतं. पण त्यामुळे झालं काय, की दोन वर्षांची असताना ही मुलगी रांगेत आली की नाही हे कागदावर कुठेच नाही.

२०१५ च्या जूनमध्ये आई तिला खोकल्यासाठी घेऊन आली. पाच वर्षांची. मी पट्टीला उभी केली, ९५.५ सेंमी. शाळेच्या युनिफॉर्मचा सगळ्यात लहान नंबर घेऊन तोही दोनदा मुडपला होता. आजी सोबत होती, ती लगेच म्हणाली, "डाक्तर, आमच्यात सगल्या अशाच, मी नाय का केवढीशी." आणि खरंच आजी केवढीशीच होती. पण हिशोब आजीवरून करत नाहीत, आईबापावरून करतात. बाबा १७० सेंमी, आई १५५. दोघांची बेरीज, मुलगी असेल तर १३ वजा, भागिले दोन. (मुलगा असेल तर १३ मिळवायचे.) आले १५६. म्हणजे या घरातली मुलगी १५६ च्या आसपास, थोडं वरखाली, जायला हवी आणि ही पाचव्या वर्षी वयानुसार उंचीच्या तक्त्याच्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. घराणं बुटकं हे उत्तर या दोन आकड्यांपुढे टिकतच नाही. आधी कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, दहा वर्षांपर्यंत थांबा, पाळी आली की फटकन वाढेल. हे आपल्याकडे इतकं मुरलंय की शिकलेले लोकही बोलतात. प्रत्यक्षात उलटं असतं, मुलींची मोठी उडी पाळीच्या आधी होते, पाळी आल्यावर साधारण पाच-सात सेंमी उरतात आणि संपलं.

मी लगेच पुण्याला पाठवलं नाही. एक वर्ष मोजलं, कारण एका आकड्यावरून उंची कळते, वेग कळत नाही. दर तीन महिन्यांनी, त्याच पट्टीवर, शक्यतो सकाळी, चप्पल आणि वरची बो काढून. वर्षात ४ सेंमी. या वयाला पाच-सहा तरी व्हायला हवी. २०१६ मध्ये सहा वर्षांची, ९९.५ सेंमी, १४ किलो, आणि मग चिठ्ठी लिहिली.

पुण्याला तपासण्या झाल्या त्या मुद्दाम सांगतो, कारण थेट इंजेक्शनचा भाव विचारत येणारे पालक मला हल्ली भेटतात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, किडनी, गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सिलिॲक आजार असतो त्याची रक्तचाचणी, डाव्या हाताचा एक्सरे हाडाचं वय बघायला (साडेचार निघालं), आणि क्रोमोसोमची तपासणी, कारण मुलगी बुटकी असेल तर टर्नर सिंड्रोम (मुलीतला एक एक्स क्रोमोसोम नसतो किंवा अर्धवट असतो) वगळल्याशिवाय पुढे जायचंच नाही, चेहऱ्यावर काही दिसत नसलं तरी. चेहरा आणि हातपाय बघून सिल्व्हर-रसेलचाही, म्हणजे पोटात असल्यापासून वाढ खुंटवणाऱ्या एका जन्मजात आजाराचाही, विचार झाला, बसला नाही. वेग कमी होता म्हणून गोळी देऊन वाढीच्या हार्मोनची चाचणीही केली, अर्धा दिवस पोर सलाईनची सुई लावून झोपलेली, आणि रिपोर्ट नॉर्मल.

आणि इथे बाबा अडले. गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्याकडे आले. "डॉक्टर, हार्मोन कमी नाहीये म्हणतात, आणि औषध म्हणून हार्मोनच द्यायचा म्हणतात, हे काय गणित?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, अर्धी चढावर, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं की विहिरीला पाणी आहे पण चढावरच्या झाडांपर्यंत पोचत नाही, तेव्हा तुम्ही विहीर खणत नाही, पंप मोठा लावता. पोटात असताना वाढ खुंटलेल्या काही मुलांचं शरीर हार्मोनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून कमतरता नसतानाही वरून जास्त द्यावा लागतो. ही कमतरता भरून काढणं नव्हे, हा औषधी डोस आहे, आणि म्हणूनच त्याचा फायदाही मर्यादित असतो. हे वाक्य मी दोनदा म्हटलं, तरी ते नंतर सगळे विसरले.

किती मर्यादित? या उपचाराला अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली, दोन वर्षांपर्यंत भरून न काढलेल्या मुलांसाठी. युरोपने २००३ मध्ये दिली पण अटी कडक, वय चार पूर्ण, उंची बरीच खाली, वेगही कमी आणि आईबापाच्या मानानेही मागे. बाय दोन्हीकडे बसत होती. शेवटच्या उंचीपर्यंत मुलांचा पाठपुरावा केलेले चांगले अभ्यास मोजकेच आहेत, त्यातल्या चारांची २००९ मध्ये एकत्र मोजणी झाली तेव्हा इंजेक्शन घेतलेल्यांची शेवटची उंची न घेतलेल्यांपेक्षा सरासरीने साधारण साडेपाच-सहा सेंमी जास्त भरली. डोस दुप्पट केला म्हणून शेवटी दुप्पट फायदा झाला नाही, जवळपास सारखाच राहिला. स्वीडनच्या मुलांमध्ये दिसलं की वयात येण्याच्या किमान दोन वर्षं आधी सुरुवात केली तर मिळकत उशिरा सुरू केलेल्यांच्या जवळपास दुप्पट. म्हणजे डोसपेक्षा कधी सुरू करता ते महत्त्वाचं. मग ती कोरी रकान्यांची ओळ किती महाग पडू शकते बघा, बाय सहाव्या वर्षी तरी पोचली, बऱ्याच मुली अकराव्या-बाराव्या वर्षी येतात, छाती आलेली, कधी पाळीही सुरू झालेली, आणि तेव्हा त्यांना देण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

बाबांच्या मनात पोलीस भरती होती. राज्यात मुलींना १५५ सेंमी लागतात. मी आणि पुण्याच्या हार्मोनवाल्या डॉक्टर मॅडम दोघांनीही सांगितलं की १५५ चा शब्द कोणी देऊ शकत नाही. हिशोब असा ठेवा, काही न करता ही १४५ च्या आसपास थांबेल असा अंदाज आहे, केलं तर दीडशेच्या आसपास जाईल. १४५ सेंमी हा काही आजार नाही, त्या उंचीच्या बायका इथे डोंगर चढून लाकडं आणतात, होडीतून पाट्या उतरवतात. नाही म्हणालात तरी तुम्ही वाईट आईबाप ठरत नाही. हे बोललं गेलं पाहिजे, कारण एकदा इंजेक्शनचं नाव निघालं की नाही म्हणायला लोकांना लाज वाटते.

मध्येच मुंबईच्या कुठल्या चुलत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं की हे औषध मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात. तर हे पूर्ण खोटंही नाही, जुनं आहे. १९८५ पर्यंत खरंच मृत माणसांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढायचे, त्यातून काही मुलांना वर्षांनंतर क्रॉइट्झफेल्ट-जेकब नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार झाला, ते लक्षात आल्यावर त्याच वर्षी अमेरिका-इंग्लंडमध्ये ते बंद झालं आणि जनुकतंत्राने प्रयोगशाळेत बनवलेला हार्मोन आला. आज मिळतो तो सगळा हाच. आजीचं समाधान झालं नाही, पण आईचं झालं, आणि सुई आईच टोचणार होती.

डोस ठरला किलोमागे ०.०३५ मिलिग्रॅम, रोज रात्री. १४ किलोला ०.४९ मिलिग्रॅम, म्हणजे दीड युनिट (एक मिलिग्रॅमला तीन युनिट धरतात). रोज. सणावाराला, आजीच्या गावी गेल्यावर, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, रोज. बिल पहिल्या महिन्यापासून पाच आकडी, आणि खरी गोम पुढे आहे, डोस वजनावर असतो, पोर वाढली की डोस वाढतो आणि डोस वाढला की बिल. दहाव्या वर्षी ती २६ किलोची होती तेव्हा डोस पावणेतीन युनिटच्या घरात गेला होता. सुरुवातीच्या महिन्याचं बिल बघून पूर्ण उपचाराचा हिशोब करणारे घर निम्म्यात अडकतं, म्हणून शेवटच्या वर्षाचा खर्च आधी मांडायला लावतो मी.

आता फ्रीज. औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, गोठलं तर फेकायचं. खाडीकाठच्या घरातला फ्रीज कसा असतो, खाली भाजी कमी आणि मासळी जास्त, फ्रीझरमध्ये कोलंबीच्या पिशव्या, आणि दर दोन मिनिटांनी कोणी तरी दार उघडतंय. आईने झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवला, मागे नाही कारण मागची भिंत बर्फ धरते, डब्यात पंधरा-वीस रुपयांचा वाटेल असा दिसणारा पण बरोबर दाखवणारा थर्मामीटर, आणि घरात ताकीद की या डब्याला मासळीचा हात लागला तर जेवण नाही. पुण्याहून औषध आणताना थर्मासमध्ये बर्फाची जेलपिशवी, तिच्यावर टॉवेलची घडी, त्यावर इंजेक्शनचं पेन (औषध भरलेली पेनासारखी सिरिंज), बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही. ताम्हिणीतून एसटी उतरताना ते थर्मास मांडीवर. कंपनीप्रमाणे नियम थोडे बदलतात, काही पेनं थोडे दिवस बाहेर चालतात, काही नाही, पाकिटातला कागद वाचायचा.

टोचायची जागा बदलायची, नाहीतर तिथे खड्डा किंवा गाठ होते. भिंतीवरच्या कालनिर्णयात आई रोज तारखेखाली लिहायची, डा. मां., उ. मां. (डावी-उजवी मांडी), पोट, आणि सुट्टी झाली तर गोल. महिन्याअखेर पान फाडून मला दाखवायला आणायची. हे पान माझ्यासाठी कुठल्याही रिपोर्टपेक्षा कामाचं, कारण उंची अडली की पहिला प्रश्न हाच, किती गोल आहेत?

पहिल्या वर्षी ८.८ सेंमी. १०८.३. घरात पेढे. दुसऱ्या वर्षी ७.२, मग ६, परत ६. दुसऱ्याच वर्षी बाबा काळजीत, औषध बिघडलं का, भेसळ आहे का. पहिल्या वर्षाची उडी पुढे तशीच राहत नाही, हे सगळ्यांचं होतं, आधी सांगितलं तरी आकडा कमी दिसला की पोटात गोळा येतोच. एकदा ती दोन दिवस डोकं दुखतंय म्हणाली, तेव्हा दुर्लक्ष न करता लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा बघून घेतला, कारण या औषधाने क्वचित डोक्यातला दाब वाढतो. निघाला चष्म्याचा नंबर. मांडी-गुडघा दुखून लंगडायला लागली तर खुब्याचा एक्सरे, पाठीला बाक येतोय का ते दर वेळी वाकवून बघायचं, सहा महिन्यांनी साखर, थायरॉईड आणि आयजीएफ-वन (वाढीच्या हार्मोनचा शरीरावर किती असर होतोय ते दाखवणारी रक्तचाचणी).

साखरेबद्दल थोडं जास्त लिहितो. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजून दाखवलंय की आपली बाळं वजनाला कमी पण आतून चरबी धरलेली असतात, आणि अशी बारीक जन्मलेली मुलं पुढे झपाट्याने वजन चढवतात तेव्हा मधुमेहाकडे झुकतात. हे बायच्या आजीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. पोर बारीक म्हणून तूप, साखरभात, टीव्हीवरची उंचीची पावडर, दुपारी बिस्किटाचा पुडा. पावडरने उंची वाढत नाही हो, पोट वाढतं. तिला मासे, अंडं, डाळ, भात हे सगळं घरचंच पुरेसं होतं आणि ते घरात होतंच.

मग २०२०. आधी लॉकडाऊन, पुण्याचा रस्ता बंद, केमिस्टने कसंबसं पार्सल मिळवलं, ते निभलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ज्यांनी दापोली-मंडणगड त्या आठवड्यात पाहिलंय त्यांना सांगायला नको, पत्रे उडालेले, खांब आडवे, रस्त्यावर झाडंच झाडं, गावांत लाईट किती तरी दिवस नाही. माझ्या दवाखान्यात लसींचा फ्रीज जनरेटरवर चालू होता, पण तिच्या गावातून इथे यायला वाटच नव्हती. रस्ता मोकळा झाल्यावर आई डबा घेऊन आली, डब्यातला थर्मामीटर ३१ दाखवत होता, दोन पेनं. कंपनीच्या कागदाप्रमाणे ती बाद. मी फेकायला सांगितली आणि तिने ती टेबलावर ठेवली आणि परत उचलली आणि परत ठेवली, कारण दोन पेनांची किंमत तिला माहीत होती.

त्याहून मोठं नुकसान वाडीचं. पोफळी मोडून पडल्या, माड पडले, आणि पोफळ आज लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. बाबा म्हणाले, थांबवू या का? बाय दहा वर्षांची, १२७.५ सेंमी, छाती नुकती दिसायला लागलेली. मी त्यांना खरं ते सांगितलं. उपचाराचा मोठा वाटा वयात येण्याआधीच्या चार वर्षांत पदरात पडलाय, पुढची उडी बरीचशी तिची स्वतःची असेल, पण आत्ता सोडलं तर मिळवलेलं थोडं परत निसटतं असं अभ्यासांत दिसलंय. किती निसटेल याचा आकडा एका मुलीसाठी कोणी सांगू शकत नाही. दोन-अडीच महिने खंड पडला. मग मुंबईच्या चाकरमानी काकांनी काही उचललं, एका ट्रस्टने काही, ब्रँड बदलून स्वस्तातला देशी घेतला, आणि परत सुरू झालं. पाळी लांबवायचं इंजेक्शन जोडायचं का हाही विषय पुण्यात निघाला, कारण बारीक जन्मलेल्या काही मुली लवकर आणि भराभर वयात येतात. ही वेळेवर होती, खर्च आणखी वाढणार होता, नको ठरलं. मला तो निर्णय आजही पटतो.

पाळी बारा पूर्ण झाल्यावर. चौदाव्या वर्षी वाढीचा वेग वर्षाला २ सेंमीच्या खाली आला, हाडाचं वय चौदाच्या वर, आणि पेन बंद झालं. आता ती पंधरा वर्षांची आहे. १५०.५ सेंमी.

बाबा ते १५६ मधून वजा करतात आणि साडेपाच सेंमी कमी पडले म्हणतात. आई ते १४५ मधून वर मोजते आणि साडेपाच मिळाले म्हणते. आकडा तोच. माझं मत आईच्या बाजूने आहे, कारण या उपचाराची तुलना आईबापाच्या सरासरीशी करायचीच नसते, काही न करता ती जिथे थांबली असती तिथून करायची, पण माझ्या तोंडचा १४५ हाही अंदाजच आहे, एकाच मुलीवर दोन आयुष्यं करून बघता येत नाहीत. पोलीस भरतीला ती बसत नाही, हे खरं आणि ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. उंची वाढल्याने मुलं जास्त सुखी होतात का याचे अभ्यासही सगळे एका दिशेला बोलत नाहीत, आणि मी स्वतः किरकोळ बुटक्या, तक्त्यात बसणाऱ्या मुलासाठी कोणाला या खर्चात पडायला सांगत नाही.

खुद्द बायला विचारलं तर ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं, सहा वर्षांची होते." मग थोड्या वेळाने म्हणाली की शाळेत कबड्डीला आता मला लहान गटात उभं करत नाहीत. तिला नर्सिंगला जायचंय, सुई टोचायची भीती नाही म्हणते, त्यात आश्चर्य नाही. वर्षातून एकदा वजन, बीपी आणि उपाशीपोटी साखर बघायला यायचं हे मात्र तिच्याकडून कबूल करून घेतलंय. यंदाची साखर नॉर्मल आहे, वजन जरा चढतंय, बिस्किटं परत सुरू झालीयत असा माझा संशय आहे आणि आजी त्यावर काही बोलत नाही.